जडसंग्रह

भाऊकाकांच्या घरात थंडीला आगाऊ सूचना देऊन यावं लागतं. निफाडचा पारा पाच अंशांवर उतरला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात पहिल्या पानावर झळकला, द्राक्षबागांमधून रात्रभर शेकोट्या पेटल्या, तरी नाशकातल्या आमच्या घरात सगळी मंडळी सुती शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून, हाताची घडी घालून बसलेली दिसतात. गरम कपडे नाहीत असं मुळीच नाही. स्वेटर आहेत, शाली आहेत, कानटोप्या आहेत, दोन अस्सल घोंगड्या आहेत. सगळं माळ्यावर, ट्रंक क्रमांक दोनमध्ये, उत्तम स्थितीत आहे. आणि ते तसंच उत्तम राहावं म्हणून भाऊकाका ते कुणाला देत नाहीत.

खालच्या मजल्यावर आम्ही, वरच्यावर ते. माळा वर, म्हणून दोन्ही घरांचे हंगामी कपडे त्यांच्या ताब्यात. डिसेंबरात मी जिना चढून जातो आणि जमेल तितक्या सहज आवाजात विचारतो,

"भाऊकाका, एखादा स्वेटर मिळाला असता तर..."

"कुठला?"

"कुठलाही चालेल."

"'कुठलाही' नावाची वस्तू नोंदीला नाही," असं म्हणून ते चष्मा शोधायला उठतात. चष्मा सापडला की वही निघते. वहीत माझ्या नावावर 'स्वेटर, राखाडी, गोल गळा, एक' सापडतो. मग प्रश्न येतो कूलरचा. ट्रंक क्रमांक दोनच्या पुढ्यात कूलर आहे. कूलरच्या पोटात गौरींचे स्टँड आहेत. त्या स्टँडवर आकाशकंदील टेकवलेला आहे, आणि तो हलवायचा तर दुसरा माणूस हवा. दुसरा माणूस रविवारी मोकळा असतो. रविवारपर्यंत ढगाळ होतं, थंडी ओसरते, आणि भाऊकाका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "बघ, उगाच काढला असता."

भाऊकाका एका सरकारी खात्यात भांडारपाल होते. पस्तीस वर्षं त्यांनी नट, बोल्ट, टेबलं, ताडपत्र्या आणि घमेली सांभाळली. निवृत्त झाले त्या संध्याकाळी हारतुऱ्यांसकट घरी येताना ते वाटेत कागदाच्या दुकानात थांबले आणि स्वतःच्या पैशांनी एक जाडजूड वही घेऊन आले. रात्री जेवणं झाल्यावर तिच्या पुठ्ठ्यावर 'जडसंग्रह नोंदवही' असं लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारली. आत रकाने आखले: अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, प्राप्तीचा दिनांक, स्थिती, शेरा. त्यातली एक नोंद मी वाचली आहे. 'मफलर, तपकिरी, एक. स्थिती समाधानकारक. शेरा: टोकास चहाचा डाग, जबाबदारी निश्चित होऊ शकली नाही.'

अशी माणसं प्रत्येक गोतावळ्यात एक तरी असतात. तुम्हीआम्ही वस्तू वापरतो आणि मग नाइलाजाने ठेवतो. ही माणसं वस्तू ठेवतात आणि मग नाइलाजाने वापरू देतात. कपडा अंगावर असताना तो त्यांच्या दृष्टीने बाहेरगावी गेलेला असतो. दिवा लागायच्या आत तो परत यावा, वाटेत कुणाचं बोट लागू नये, एवढीच चिंता. जानेवारीत त्यांचा चेहरा ओढलेला असतो. थंडी संपायला लागली की तो उजळतो.

होळी जळाली, थंडी पळाली, असं आपण म्हणतो. भाऊकाकांना हे मान्य नाही. होळीची तिथी पुढेमागे होते, आणि पुढेमागे होणाऱ्या गोष्टीवर साठा बंद करता येत नाही. ३१ मार्च मात्र दरवर्षी ३१ मार्चलाच येतो. सरकारी वर्ष आणि नाशकातली थंडी साधारण एकाच सुमारास संपतात, हा योगायोग आहे असंही ते मानत नाहीत.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गच्चीवर दोन बाजा मांडल्या जातात आणि चौकशी सुरू होते. एकेक कपडा उजेडात धरून उलटसुलट पाहिला जातो.

"या बाहीवर काय सांडलंय?"

"काही नाही, बाबा," त्यांचा मुलगा म्हणतो.

"संक्रांतीला कुठे गेला होतास?"

"सासरी."

"काय दिलं प्यायला?"

"उसाचा रस."

"हं," असं म्हणून ते त्या जागेभोवती खडूने गोल काढतात. डाग दिसत नाही. पण साखरेचं पाणी वाळताना दिसतच नाही, ते घडीत बसून राहतं आणि डिसेंबरात पिवळं होऊन वर येतं. शिवाय घाम, तेल, अन्नाचा कण असलेल्या जागेवरच कसर आधी तोंड लावते. त्यामुळे न धुतलेला कपडा ट्रंकेत जाणार नाही. लोकरीसाठी रिठ्याचं कोमट पाणी. पिळायचं नाही, जाड टॉवेलात गुंडाळून दाबायचं. दोरीवर टाकायचं नाही, बाजेवर आडवं पसरायचं. हँगरला तर कधीच नाही, कारण खांदे ओघळतात. खळ घातलेल्या सुती साड्या ठेवणीत टाकायच्या नाहीत, खळीवर चंदेरी किडे येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही, दमट राहिलं तर बुरशी धरते.

हे सगळं अगदी बरोबर आहे. भाऊकाकांच्या बाबतीत खरी अडचण हीच आहे. माणूस चुकत असता तर भांडता आलं असतं.

ट्रंक क्रमांक दोन हीसुद्धा साधी चीज नाही. देवळाली कॅम्पातून बदलून गेलेल्या कुणा सुभेदाराची ती काळी लोखंडी पेटी जुन्या बाजारात मिळाली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव, हुद्दा आणि पलटणीचा क्रमांक अजून आहे. तो खरवडून आपलं नाव घाला, असं काकूंनी एकदा सुचवलं होतं. "मालकी वेगळी, ताबा वेगळा," एवढंच उत्तर मिळालं. भाऊकाका त्या पेटीचं कुलूप लावून खाली उतरतात तेव्हा पाठ किंचित ताठ झालेली असते.

पेटीत काय टाकावं, याचा इतिहास मात्र रक्तरंजित आहे. आधी डांबरगोळ्यांचं राज्य होतं. भाऊकाका त्या गोळ्या पुरचुंडीत बांधून कपड्यांच्या वर ठेवत, खाली नाही, कारण ती वाफ हवेपेक्षा जड असते आणि वरून खाली उतरते. दोन जातींच्या गोळ्या एकत्र करत नसत, त्या पाघळून डाग पडतात. जरीला गोळी लागू देत नसत. एवढी काळजी घेऊनही एका गोष्टीपुढे त्यांचा इलाज चालला नाही, ती म्हणजे वास. भाऊकाकांचा लग्नाचा कोट वर्षातून दोनदा बाहेर निघायचा आणि ज्या मंगल कार्यालयात जायचा तिथे गुलाबपाण्याला हार पत्करायला लावायचा. ते खुर्चीवर बसले की पुढची रांग हळूहळू पंख्याखाली जाऊन बसायची. एकदा तर अंतरपाट धरलेला असताना भटजी दोनदा शिंकले आणि तिसऱ्यांदा त्यांनी भाऊकाकांकडे पाहिलं. "आपण आलोय हे कुणाला सांगावं लागत नाही," असं काकू म्हणायच्या. हे त्या अभिमानाने म्हणत होत्या की कसं, ते कळायचं नाही. आवाज सपाट असायचा.

हे राज्य उलथवलं सुनेने. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिला बाळ झालं आणि बाळासाठी जुनी झबली, दुपटी माळ्यावरून निघाली, तेव्हा तिने ती नाकाशी नेली आणि तशीच परत घडी केली.

"बाबा, या वासाचं काही बाळाच्या अंगाला लावायचं नाही. काही बाळांच्या रक्तात एक विकर कमी असतं. त्यांना हा वास लागला तर तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते."

"आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळी कुणी मोजत नव्हतं."

मोजत नव्हतं, हा शब्दप्रयोग भाऊकाकांच्या वर्मी लागला. त्याच दिवशी गोळ्या घराबाहेर गेल्या. त्यांच्या जागी कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, लवंगा आणि वेखंडाच्या कांड्या आल्या. वेखंडावर काकूही खूश, कारण बाळाच्या पोटाला उगाळून लावायला ते घरात होतंच. वर्षभर समाधान नांदलं. मग सुनेने पुन्हा तोंड उघडलं. वेखंडाच्या वासाने बाहेरचा पतंग आत यायचा कदाचित टळेल, पण अंडी आधीच घडीत असली तर त्यांना वेखंडाचं काही वाटत नाही.

"पण मी पतंग दिसला की मारतो," भाऊकाका म्हणाले. हे खरं होतं. संध्याकाळी एखादा फिकट सोनेरी, तांदळाच्या दाण्याएवढा पतंग भिंतीवरून गेला की टाळी वाजवत ते खोलीभर धावायचे.

"तो खात नाही, बाबा. त्याला खायला तोंडच नसतं. खाते ती अळी, आणि ती अंधारातून बाहेर येत नाही. तुम्ही मारता तो बहुतेक वेळा नुसता नर असतो."

इतकी वर्षं आपण निरपराधांना मारत होतो, हे पचवायला त्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिलाच विचारलं, की मग संग्रहालयांत काय करतात. तिने सांगितलं की जुनी वस्त्रं हवाबंद पिशवीत घालून उणे अठरा किंवा त्याहून थंड जागी आठवडा-दोन आठवडे ठेवतात, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडत नाहीत, म्हणजे दंव कपड्यावर धरत नाही. घरचा फ्रीझरही साधारण उणे अठराच असतो, हे वाक्य तिने बोलायला नको होतं.

काकूंचा फ्रीझर मार्चमध्ये मटारांनी भरलेला असतो. जानेवारीत स्वस्त असताना पाच-सहा किलो आणायचे, टीव्हीसमोर बसून सोलायचे, पिशव्या बांधायच्या आणि श्रावणापर्यंत पुरवायचे, ही त्यांची ठेवण. एकाच घरात दोन साठेबाज असले की सरहद्द कुठे तरी पेटणारच. ती फ्रीझरच्या दारात पेटली. भाऊकाकांनी आधी लेखी विनंती केली. मग त्यांनी मटारांच्या 'त्वरित विनियोगाचा' प्रस्ताव ठेवला. परिणामी दोन्ही मजल्यांनी मटारची उसळ, मटार भात, मटारच्या करंज्या, मटार घातलेले पोहे आणि शेवटी काकूंचा संयम सुटल्यावर नुसते उकडलेले मटार खाल्ले. मोकळ्या झालेल्या जागेत तुकडी क्रमांक एक दाखल झाली: स्वेटर चार, कानटोप्या तीन. पाहुणे आले आणि काकूंनी आइस्क्रीम काढायला हात घातला, तर हातात तपकिरी मफलर आला. पाहुण्यांनी काही विचारलं नाही. आमच्याकडे येणारे पाहुणे आता फारसं विचारत नाहीत.

पावसाळी कपड्यांचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण तिथे भाऊकाका खरोखर आदर्श आहेत आणि आदर्श माणसाबद्दल लिहिण्यासारखं कमी असतं. रेनकोट दोन्ही बाजूंनी कोरडे करून, टाल्कम पावडर लावून, सैल गुंडाळून. छत्र्या उघडून वाळवलेल्या, काड्यांना तेलाचं बोट. बुटांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या डब्यांतून निघणाऱ्या, ओल शोषणाऱ्या बारक्या पुड्या त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या आहेत आणि कुणी नवे बूट आणले की ते बूट न पाहता खोक्याच्या कोपऱ्यात हात घालतात. अडचण एवढीच, की पावसाळा त्यांच्या वहीप्रमाणे ३० सप्टेंबरला बंद होतो. नोव्हेंबरात अवकाळी आला, गारा पडल्या, बागाईतदार डोक्याला हात लावून बसले, आणि आम्ही दूध आणायला डोक्यावर खताचं पोतं घेऊन गेलो. "हा पाऊस हिशेबात नाही," असं भाऊकाका खिडकीतून म्हणाले.

पैठणीचं मात्र सांगायला हवं. काकूंची पैठणी येवल्याची, लग्नातली, मोरांच्या पदराची, खऱ्या जरीची. जरीत चांदी असते आणि चांदी हवेने काळवंडते, म्हणून ती भाऊकाकांच्या वडिलांच्या जुन्या, शंभरदा धुतलेल्या मऊ धोतरात गुंडाळलेली. एकाच घडीवर राहिली तर रेशीम घडीवरच चिरतं, म्हणून दर तिमाहीला घडीबदल. कॅलेंडरवर त्या तारखांना लाल गोल. घडीबदल म्हणजे सोहळाच: हात धुऊन, अंगठी काढून, पलंगावर स्वच्छ चादर घालून, नवराबायको दोन टोकांना.

एकदा टोक धरल्या धरल्या काकू म्हणाल्या, "अहो, त्यापेक्षा परवाच्या मुंजीला नेसते की. घडी आपोआप मोडेल."

"नेसणं हा घडीबदल धरता येत नाही."

"का?"

भाऊकाकांनी विचार केला. "त्याला रकाना नाही."

काकूंनी टोक सोडलं नाही. पण त्या दिवशीची घडी थोडी वाकडी बसली आहे आणि शेऱ्यात तशी नोंद आहे.

आता त्या जाकिटाकडे येतो. भाऊकाका नोकरीत असताना एलटीसी घेऊन कुलू-मनालीला गेले होते आणि तिथून शुद्ध लोकरीचं एक पांढरं, जाड, नक्षीचं जाकीट घेऊन आले. रोहतांगला फोटोपुरतं ते अंगावर चढलं, त्यानंतर कधीही नाही. वहीत त्याच्यापुढे 'राखीव साठा' असं लिहिलेलं होतं. कशासाठी राखीव, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. फ्रीझरमध्ये ते मावलं नाही, म्हणून त्याला 'आकारमानामुळे सूट' देऊन ट्रंकेच्या तळाशी, सगळ्यांत सुरक्षित, सगळ्यांत अंधाऱ्या जागी ठेवलेलं होतं.

गेल्या डिसेंबरात थंडी ओसरेना. रविवार आला तरी ओसरेना. कूलर हलला, गौरींचे स्टँड हलले, कुलूप उघडलं, आणि वेखंडाच्या वासाबरोबर भाऊकाकांनी ते जाकीट दोन्ही हातांनी वर उचललं. जाकिटातून समोरचं कॅलेंडर वाचता येत होतं.

कुणी बोललं नाही. सून पुढे आली, बाकीचे कपडे एकेक उलटे करून कॉलरच्या आतलं लेबल वाचायला लागली. स्वेटर, मफलर, कानटोप्या, माझा राखाडी गोल गळा. बहुतेक सगळे शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधले.

"बाबा, हे सगळं ॲक्रिलिक आहे."

"मग?"

"कसरीची अळी लोकर खाते, रेशीम खाते, पिसं खाते. ॲक्रिलिक तिला पचत नाही. खरकटं सांडलेलं असलं तर कधी तरी कुरतडेल, एवढंच. म्हणजे हे सगळं उघड्या टोपलीत टाकलं असतं तरी चाललं असतं."

भाऊकाका कूलरवर बसले. "म्हणजे इतकी वर्षं आपण प्लॅस्टिकला पहारा दिला?"

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांच्या अंगात किरमिजी स्वेटर होता. तो त्यांच्या आईने विणलेला, खऱ्या लोकरीचा, आमच्या लहानपणापासून स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला लटकलेला. पहाटे दूध तापवताना तो अंगात जातो, नऊ वाजता खिळ्यावर, संध्याकाळी परत अंगात. खांदे ओघळून कोपरापर्यंत आलेत. फोडणीचा वास कायमचा. वहीत त्याची नोंद नाही, कारण काकूंनी तो कधी जमाच केला नाही. सुनेने तो सगळीकडून तपासला. एक भोक नाही.

"रोज झटकला जातो ना," ती म्हणाली. "हललेली जागा अळीला चालत नाही. तिला निवांत अंधार लागतो."

भाऊकाका काही न बोलता वही उघडून बसले. जाकिटाच्या निर्लेखनाचा प्रस्ताव त्यांनी स्वतःच लिहिला, नुकसानीच्या कारणापुढे बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी 'अतिसुरक्षित ठेवल्यामुळे' असं लिहून मोकळे झाले. प्रस्तावाला सक्षम प्राधिकाऱ्याची सही लागते. घरात सक्षम प्राधिकारी कोण, याबद्दल दुमत नव्हतं. काकूंनी 'मंजूर' लिहून खाली सही केली, आणि शाई वाळायच्या आत कात्रीने जाकिटाचे चांगले भाग कापून कढई धरायला चार जाड फडकी केली. उरलेल्याचा लिलाव काढावा लागतो, हे भाऊकाका सांगेपर्यंत ते खाली आमच्या दारात पायपुसणं म्हणून आलं होतं.

आम्हाला वाटलं, माणूस निवळला. एप्रिल शांत गेला. मेमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना, जिन्यात एक तक्ता लागला. 'हालचाल वेळापत्रक: दर पंधरवड्यास.' त्यात दोन्ही घरांतल्या प्रत्येकाचं नाव, कपड्याचा क्रमांक आणि वेळ. ट्रंकेतला कपडा अंगात घालायचा, गच्चीच्या दोन फेऱ्या मारायच्या, झटकून परत करायचा, सही करायची. मी म्हटलं, भाऊकाका, माझा तर ॲक्रिलिक आहे, त्याला अळी लागतच नाही. ते म्हणाले, "नियम एकाला लावायचा आणि दुसऱ्याला सोडायचा, असं माझ्या हातून होणार नाही."

त्यामुळे वैशाखात भर दुपारी चार वाजता आमच्या गच्चीवर नातू कानटोपी घालून धावतो, मुलगा मफलर बांधून फोनवर ऑफिसचं बोलतो, मी राखाडी गोल गळ्यात घामाघूम होऊन टाकीला वळसा घालतो, आणि सगळ्यांच्या पुढे, खांद्यावर घोंगडी, हातात वही, स्वतः भाऊकाका. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंनी न राहवून विचारलं, "काय हो, ताप वगैरे आलाय का सगळ्यांना?"

भाऊकाकांनी कपाळावरचा घाम घोंगडीला लागू न देता बाहीने पुसला आणि वहीत बघून सांगितलं, "नाही. साठा हलवतोय. तुमच्याकडे काही लोकरीचं असेल तर पाठवा, शुक्रवारी पाचची वेळ मोकळी आहे."